घरातली पाळत

ही गोष्ट लिहू नको म्हणणारे आपल्यातच चारजण निघाले. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला, गडी आपलाच आहे, चौदा एप्रिलला निळा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं असतो, लोक हसतील, असं मला सांगण्यात आलं. मी ऐकून घेतलं आणि लिहायला बसलो. या गोष्टीत पहिला गुन्हा माझा आहे, म्हणून ती सांगायचा हक्क मला आहे असं मी समजतो. लिहून झाल्यावर ताईला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी ती म्हणाली, "हे काढ." ते काढलं.

मी मुळशी तालुक्यातला. पौडच्या पुढं, धरणाच्या अलीकडं आमची वस्ती. भाताच्या गिरणीत कामाला आहे. तूस अंगाला, कोंडा केसांत, आणि रात्री वहीत कविता. शिक्षण दहावीपर्यंत, तेही नापास. कायद्याचं जे पुढं लिहिलंय ते वाचून, विचारून शिकलेलं आहे.

माझा आजा मुंबईला कापड गिरणीत साच्यावर होता. १९८२च्या संपानं त्याला गावाला आणून टाकलं. ज्या गिरणीत तो राबला तिला वीज जायची ती आमच्याच बाजूच्या पाण्याची. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागं इथला मावळा उभा राहिला, सत्याग्रह झाला, तरी टाटांचं धरण झालंच. मुळा-निळेचं पाणी भिऱ्याला गेलं आणि मुंबईचे साचे फिरले. आज्यानं येताना एक ट्रंक आणि एक ट्रान्झिस्टर आणला होता. त्या ट्रान्झिस्टरचं काम पुढं येईल.

ताई पोरीला घेऊन माहेरी आली त्याला बराच काळ झाला. का आली ते इथं सांगत नाही. ते तिचं आहे. कोर्टात तिनं घटस्फोटाचा अर्ज केला, पोरीचा ताबा मागितला. दाजींच्या बाजूनं कैफियत आली. वकीलबाई ती वाचत होत्या आणि ताई पांढरी पडत गेली. कैफियतीत लिहिलं होतं, ही बाई हिंजवडीला कॅन्टीनच्या कामाला जाणार आहे आणि मुलीला दिवसभर म्हाताऱ्या आजीवर टाकणार आहे.

ही गोष्ट ताईनं फक्त आईला सांगितली होती. रात्री, चुलीपुढं. चुलीपुढं बोललेलं कोर्टाच्या कागदावर आलं.

पाळतीचं पहिलं विष काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. ताईनं संशय घेतला तो आईवर. मग शेजारच्या मावशीवर. दोन दिवस माय-लेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आई म्हणाली, "माझ्या पोटची तू, आणि मी तुझी चहाडी करीन?" ताई उत्तर देईना. पुढं ती बोलायचीच कमी झाली. काही सांगायचं झालं तर आईला पावसात अंगणात न्यायची, डोक्यावर इरलं घेऊन कुजबुजायची. दळणकांडण करताना ती गाणी म्हणायची, ती बंद झाली. पोरगी एकदा म्हणाली, "मामा, आपण हळू का बोलायचं?"

वकीलबाईंनी सांगितलं तसं आम्ही शोधायला बसलो. आधी फोन. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस म्हणून जागा असते. आपलं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडं आहे का ते तिथं दिसतं. तिथं काही नव्हतं. पण फोनचं गुगल खातं लग्नानंतर दाजींनीच काढून दिलेलं होतं, पासवर्डही त्यांचाच, आणि त्या खात्यावरून ताई कुठं आहे ते त्यांना दिसत होतं. ती वकिलाकडं कधी गेली, दवाखान्यात कधी गेली, सगळं. ताई म्हणाली, "म्हणजे घर सोडलं तरी दावं गळ्यातच होतं."

पण चुलीपुढचं बोलणं फोननं गेलेलं नव्हतं. फोन त्या रात्री चार्जिंगला पडवीत होता.

२०२५च्या श्रावणातली गोष्ट. आई-ताई आत बोलत बसलेल्या, आज्याचा ट्रान्झिस्टर फळीवर चालू. मधेच त्यात टर्र-टर्र-टर्र सुरू झालं. जुन्या रेडिओजवळ मोबाईलला फोन येत असला की असा आवाज येतो, हे कितीतरी जणांनी ऐकलेलं असेल. पण खोलीत मोबाईल नव्हता. मी रेडिओ हातात घेऊन भिंतीभिंतीनं फिरलो. मडक्यांपाशी आवाज कमी. बाबासाहेबांच्या तसबिरीपाशी कमी. विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डापाशी नेला तसा रेडिओ ओरडायला लागला.

बोर्ड मी पेचकसानं उघडला. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यात सिमकार्ड. त्या नंबराला फोन लावला की रिंग वाजत नाही, फोन आपोआप उचलला जातो आणि लावणाऱ्याला खोलीतलं सगळं ऐकू जातं. बाजारात राजरोस मिळणारी वस्तू आहे.

आता माझा गुन्हा. तो बोर्ड घरात मी आणला होता.

दाजी मला पिरंगुटच्या नाक्यावर भेटायचे. मला चळवळीत आणलं त्यांनीच. पहिलं पुस्तक हातात दिलं त्यांनी. माझी पहिली कविता स्टेजवरून वाचली त्यांनी. ते विचारायचे, "पोरगी कशी आहे? ताई काय म्हणते? कोण येतं-जातं?" मी सांगायचो. मला वाटायचं मी मोडलेलं जोडतोय. जाताना एकदा म्हणाले, "पावसात तुमच्याकडं शॉर्ट होतं, हा नवा बोर्ड ने, पोरीला शॉक बसायचा." मी पिशवीत घालून आणला आणि स्वतःच्या हातानं भिंतीला ठोकला.

म्हणजे त्या घरातलं पहिलं यंत्र मीच होतो. बोर्ड नंतर आला.

दोस्तहो, यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या बापजाद्यांना गावानं कुठली कामं लावली होती ते आठवा. शीव राखायची, रात्रीची गस्त घालायची, गावात आल्या-गेल्याची खबर पाटलाला द्यायची. गावानं आपले डोळे, आपले पाय वापरले आणि आपल्याला वेशीच्या आत घेतलं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं ते नुसत्या बलुत्याच्या भाकरीसाठी नव्हतं. भाकरीच्या तुकड्यावर दुसऱ्याची नजर म्हणून जगणं हा माणसाचा अपमान आहे, म्हणूनही ते होतं असं मी समजतो. १९५८च्या कायद्यानं वतन गेलं. पण खबर द्यायची सवय गेली का? मी नाक्यावर उभा राहून ताईची खबर देत होतो तेव्हा मी कुणाचा वतनदार होतो?

आणि ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली तेही आपलेच. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा बघा. जन्मानंच गुन्हेगार, रोज हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तार. तो कायदा १९५२ साली उठला, तरी पारध्याच्या पालावर रात्रीची बॅटरी पडायची थांबली नाही. पाळत म्हणजे नुसतं बघणं नव्हे. पाळत ठेवणारा आधीच ठरवून बसलेला असतो की समोरचा माणूस गुन्हेगार आहे, आता पुरावा तेवढा सापडायचा बाकी आहे.

बाईच्या बाबतीत हे मनूनं फार आधी लिहून ठेवलंय. नवव्या अध्यायात बाईची राखण रात्रंदिवस करायला सांगितली आहे. पुढं तिथंच कबुलीही आहे की घरात कोंडून बाई राखता येत नाही, म्हणून तिला पैशाच्या हिशोबात, स्वयंपाकात, भांड्याकुंड्यांत गुंतवून टाकावं. ते पुस्तक आपण २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळलं म्हणून दरवर्षी सांगतो. आणि आपल्यातला एकजण त्याच पुस्तकातली राखण सिमकार्ड घालून भिंतीला ठोकतो. कागद जळाला, राखण राहिली.

दाजींची बाजू मी लपवणार नाही. मी त्यांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, "माझं लेकरू आहे तिथं. तिच्यासाठी केलं. आणि तुम्ही काय लपवत होता? लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाची?"

पोरीवरची त्यांची माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण हे शेवटचं वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं? सरकारच्या तोंडून. २०१९ साली पेगॅसस नावाच्या हेरयंत्राची खबर व्हॉट्सॲपनं ज्या लोकांना दिली त्यांत आनंद तेलतुंबडे होते. भीमा-कोरेगावच्या खटल्यात पकडलेल्या रोना विल्सनच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाईली घुसवल्या होत्या, असं आर्सेनल नावाच्या अमेरिकन तपास संस्थेनं २०२१च्या फेब्रुवारीत अहवालात म्हटलं. तेव्हा दाजी आमच्याबरोबर पुण्यात निषेधाला उभे होते. आमच्या फोनात डोकावणारे तुम्ही कोण, असं त्यांनीच माईकवरून विचारलं होतं. सरकारला विचारलेला प्रश्न नवऱ्याला विचारला की तो घरगुती भांडण कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

कुणी म्हणेल, आपल्या एका खोलीच्या घरात कसली आलीय गुप्तता? पत्र्याच्या भिंती, पलीकडं खोकलं तरी ऐकू येतं. एकांत ही बंगलेवाल्यांची चैन आहे.

मलाही असंच वाटायचं. पण आज्या चाळीतलं सांगायचा ते आठवलं. परळला दहा बाय दहाची खोली, पाळीपाळीनं झोपणारे दहा-बारा गडी, त्यांत एखाद-दुसरं जोडपं. आडोसा लुगड्याचा. पण बायकोशी कुणी बोलायला लागला की बाकीचे विडी ओढायला गॅलरीत जायचे. ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं वागायचे. सकाळी त्यावरून थट्टा करणाऱ्याला खोलीतून काढलं जायचं. गिरणीच्या गेटवर मात्र रोज झडती. खिसे उलटे, डबा उघडा, अंगाला हात. आज्या म्हणायचा, "गेटवर मालक हात लावायचा, खोलीत कुणी लावत नव्हतं, म्हणून खोली लहान असली तरी घर होती."

तेव्हा मला कळलं, एकांत भिंतींनी मिळत नाही, माणसं एकमेकांना देतात. गरिबाकडं भिंती नसतात, म्हणून त्याला तो माणसांकडूनच मिळावा लागतो. दाजींनी गेटवरची झडती घरात आणली.

आता अवघड प्रश्नाकडं येतो.

१४ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्या. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांचं खंडपीठ. बठिंड्याचं एक जोडपं, घटस्फोटाचा दावा, आणि नवऱ्यानं बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेलं दोघांचं फोनवरचं बोलणं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं २०२१ साली ते पुराव्यात घेऊ नका म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२२ नवरा-बायकोच्या बोलण्याला संरक्षण देतं, पण दोघं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे असतील तर तिथं अपवाद आहे, असं म्हटलं. एकमेकांवर नजर ठेवण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर संसार आधीच मोडलेला आहे, असाही त्यातला एक विचार आहे.

हा निकाल दाजींनी मला तोंडपाठ सांगितला. पण त्यातली एक गोष्ट त्यांनी गाळली. त्या खटल्यात बोलणाऱ्या दोघांतला एक नवरा स्वतः होता. आमच्या घरात आई आणि ताई बोलत होत्या. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे, २००८च्या ए.आय.आर.मध्ये छापलेला. त्यात नवऱ्यानं बायकोचं तिच्या माहेरच्यांशी आणि मित्रमैत्रिणींशी झालेलं बोलणं टेप केलं होतं. तो तिच्या खाजगीपणाचा भंग आहे, असं त्या कोर्टानं म्हटलं. आणि २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाच आहे. १९६२ साली खडकसिंग नावाच्या माणसाच्या दारावर पोलीस रात्री-अपरात्री थापा मारायचे. त्या थापा कोर्टानं तेव्हा थांबवल्या, पण खाजगीपणा हा हक्क मानायला देशाला आणखी पंचावन्न वर्षं लागली.

तर मग कुणी कुणाचं काहीच रेकॉर्ड करू नये का? इथं मी अडलो. कारण घराचा पडदा बाईला राखतो तसा मारणाऱ्यालाही राखतो. दार लावून मारलं की साक्षीदार कोण? २०१७च्या निकालातही ही भीती बोलून दाखवलेली आहे, की खाजगीपणाच्या नावाखाली घरातली हिंसा झाकली जाऊ नये.

आमच्या वस्तीतला एक मित्र म्हणाला, बोर्ड काढूच नका. त्याच्यासमोर खोटं बोला, दाजींना फसवा, कोर्टात तोंडघशी पाडा. मला ते पटलं होतं. ताईला नाही पटलं. ती म्हणाली, "त्यानं माझं खरं बोलणं चोरलं. आता मी खोटं बोलायला लागले तर माझं उरलं काय?" त्याच आठवड्यात दाजींचा फोन आला. दारूत होते, धमकी दिली. तो फोन तिनं रेकॉर्ड केला आणि वकीलबाईंना दिला. मी विचारलं, "मग हे वेगळं कसं?" ती म्हणाली, "तो माझ्याशी बोलत होता. मला जे केलं ते मी ठेवलं. त्याच्या घरात मी कान लावायला गेले नाही."

माझ्या दहा पुस्तकांपेक्षा हे जास्त आहे. त्यावरून मी स्वतःपुरती तीन मापं केली, तुम्हीही तपासून बघा. एक, रेकॉर्ड होतंय ते माझ्यावर होणाऱ्या अन्यायाचं आहे, की दुसऱ्याच्या जगण्याचं? दोन, दोघांत दुबळं कोण? मार खाणाऱ्यानं ठेवलेली खूण आणि मारणाऱ्यानं ठेवलेली नजर एका तागडीत घालता येत नाहीत. तीन, ते जातं कुठं? धमकीचं रेकॉर्ड एकदा कोर्टात गेलं की संपतं. पाळतीला संपणं नाही. आज हिंजवडीचं काम कळलं, उद्या आणखी काही कळायला पाहिजे असतं. ज्याला काहीच सापडत नाही तो जास्तच ऐकत बसतो.

तुमच्यातल्या कुणाच्या बहिणीवर, मैत्रिणीवर ही वेळ आली तर कामाचं थोडं सांगतो. घरात नवी आलेली किंवा भेट आलेली वस्तू आधी बघा. बोर्ड, चार्जर, घड्याळ, लेकराचं खेळणं, गाडीच्या सीटखालची जागा. खोलीत अंधार करून बॅटरी तिरपी फिरवा, कॅमेऱ्याची काच चमकते. सापडलं तर माझ्यासारखा पेचकस घेऊन धावू नका. वकीलबाई मला रागावल्या त्या त्यासाठीच. आधी जागेवर फोटो, शेजारचे दोन साक्षीदार, तारीख-वेळ लिहून ठेवा. फोनही घाईनं पुसू नका, पुरावा जातो. नवं खातं, नवा पासवर्ड काढायचा तो दुसऱ्याच्या फोनवरून. आणि पाळत सापडल्याचं नवऱ्याला कळलं की तो पिसाळू शकतो, म्हणून आधी बाई आणि लेकरू सुरक्षित जागी न्या, मग वस्तू काढा. बाईच्या इंटरनेटवर, फोनच्या संपर्कावर पुरुषानं नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि नवऱ्याला त्यात सूट लिहिलेली नाही. खोलीतलं बोलणं ऐकणाऱ्या बोर्डाला ते कलम किती लागतं यावर वकील भांडतील, भांडू देत. १८१ ला फोन लावता येतो, २००५च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. १९८७च्या कायद्यात तसं लिहिलंय.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण व्हावं, त्याच्या बरोबरीनं उभं राहावं, गुलाम होऊ नये. हिंदू कोड बिल अडवलं गेलं, त्यानंतर १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या बिलात बाईला संसारातून बाहेर पडायचं दार होतं. १९५५च्या कायद्यानं ते उघडलं, आणि तो कायदा बौद्धांनाही लागतो. आपल्याकडं काडीमोड आधीपासून होताच. काडी मोडली, दोन माणसं दोन वाटेला लागली. काडी मोडल्यावर मागनं तिच्या पाठीला डोळे लावा असं त्यात कुणी सांगितलं नव्हतं.

दाव्याचा निकाल लागायचा आहे. बोर्ड पिशवीत बंद करून वकीलबाईंकडं आहे. दाजींना मी जय भीम घालतो, त्यांनी दिलेली पुस्तकं मी परत केलेली नाहीत. पण नाक्यावर त्यांनी "ताई कशी आहे?" विचारलं तर मी सांगतो, "तिला विचारा." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जीभ जड झाली होती.

आईला ताईनं पाया पडून माफी मागितली. मीही मागितली. आई म्हणाली, "तू बोर्ड आणलास त्याचं काही नाही. तू तिला न विचारता तिचं बोलणं बाहेर नेलंस, ते मात्र लक्षात ठेव."

ते लक्षात ठेवून हे लिहिलं. आपण मोर्चात ज्या हक्कासाठी ओरडतो तो आपल्या घरात बाईला आहे का, हे ज्यानं त्यानं आज घरी जाऊन बघावं. बायकोचा, बहिणीचा फोन हातात न घेता.

जय भीम.